बुजवलेलं बीळ

गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी आईला घरी न्यायला सांगितलं, तेव्हाच आम्ही काय ते समजलो. त्यात परवापासून भर उन्हात पिंगळा ओरडायला लागला. घुबडाच्या जातीचा मूठभर पक्षी, दारातल्या शेवग्यावर बसून सारखा चिरकायचा. घरात माणूस अंथरुणाला खिळलेलं असताना तो आवाज कुणाला सोसतो? माझी बायको अनुजा दगड मारून थकली. मीही मारले. एक त्याच्या पंखाला चाटून गेला, तरी तो पुन्हा त्याच फांदीवर. माझ्या आईचं मरण सांगायला आलाय मेला, असं वाटून माझं डोकं फिरलं होतं.

आज दुपार कलल्यावर आईनं मला जवळ बोलावलं.

"जोतीराम, दगड कशाला मारतोस? ती पिंगळी हाय. बांधातल्या बिळात पिल्लं असत्यात तिची. दरसाली असत्यात."

तीन दिवसांपूर्वी उसाला पाणी पाजताना बांधातल्या एका बिळातून पाणी शेजारच्या रानात जात होतं. उंदरानं पोखरलंय म्हणून मी त्यात दगड ठोकला आणि वर चिखल थापला. लाइट जायच्या आत पाणी पुरं करायचं होतं. वाकून आत बघितलंसुद्धा नाही.

"आये, म्या बुजीवलं की गं ते बीळ."



"मग हितं काय बसलायस? जा, उकर जा."

कुदळ मारायची भीती वाटली, म्हणून हातांनीच चिखल काढला. तो वाळून कडक झाला होता. दगड निघेपर्यंत बोटं सोलून निघाली. खांद्यापर्यंत हात आत घातला. तीन पिल्लं एकमेकांना चिकटून पडली होती. तिन्ही गार.

घरी आलो. आईला खोटंच सांगावं असं फार वाटलं. पण तिनं माझे हात बघितले.

"पुरलीस?"

"न्हाय अजून."

"पुरू नगंस. बांधावर ठेव आन लांब हो. आईला तोंड दाखवल्याबिगर मयत उचलत्यात व्हय रं?"

पिल्लं बांधावर ओळीनं ठेवली आणि मी उसाच्या कडेला जाऊन बसलो. दिवस मावळायच्या आत पिंगळी खाली उतरली. तुरुतुरु चालत गेली, चोचीनं एकेकाचं डोकं हलवून बघितलं. मग पंख जरासे पसरून तिघांवर बसली, त्यांना ऊब द्यायला.

ती ओरडत नव्हती आता. मीच टॉवेल तोंडात कोंबून रडत होतो. माझ्या आईचं मरण सांगायला कुणी आलं नव्हतं. ती माझ्या दारात बसून बीळ उघड म्हणत होती, आणि मी तिला दगड मारत होतो.