दहापैकी सहा

वॉशिंग मशीन काम संपल्याचं सांगत पिंपिं करायला लागलं, तशी ती दचकून उठली आणि धावत जाऊन तिने ते बंद केलं. आतल्या खोलीत लेक झोपली होती. ओले कपडे तसेच ठेवून ती पुन्हा कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसली. लेक उठेपर्यंतचा वेळ, तोच काय तो तिचा.

एका मासिकासाठी ती व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहायची. या वेळचा गेम तिच्या मैत्रिणीचा होता. पूर्वी दोघी एकाच कंपनीत शेजारशेजारी बसून गेम बनवायच्या. बाळंतपणासाठी हिने खुर्ची सोडली ती सोडलीच. मैत्रिणीने मात्र स्वतःची कंपनी काढली.

परीक्षणासाठी ती नेहमी मधली पातळी निवडायची, कारण बहुतेक लोक तीच खेळतात. आज मात्र सर्वांत कठीण पातळी निवडली होती. तिथे कुठलाही गेम थोडाफार अन्याय करतोच.

हा करत नव्हता. गेममधल्या नावाड्याची होडी वादळात उलटली, तरी चूक आपलीच होती हे कळायचं. आणि होडी किनाऱ्याला लावून नुसतं बसून राहिलं, तर नावाडी आपणहून बूट काढायचा, त्यातलं पाणी ओतायचा आणि पुन्हा घालायचा. ते पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

फोन थरथरला. संपादक होते.

“काय गं, झालं का? बाकीचे सगळे नऊ-नऊ देतायत.”

“ते देतात म्हणून मीही द्यायचे? माझे सहा.”

“सहा? पोटात दुखतंय की काय तुझ्या?” ते हसले.

“माझ्या कशाला दुखेल, सर? खेळणारा टेकीला येतो, ते लिहायला नको?”

“बरं बाई, तुझा शब्द शेवटचा. फक्त एवढं बघ, तिची कंपनी नवी आहे, आणि तुझं वाचून लोक पैसे टाकतात.”

फोन ठेवून तिने ‘अन्यायकारक’ हा शब्द लिहिला. कोणत्या पातळीवर, ते लिहिलं नाही. मग शेवटचं वादळ तेवढं खेळून टाकायला घेतलं. होडी पहिल्याच फेरीत पार झाली. पलीकडच्या काठावर एकेका घरात दिवा लागत गेला, आणि सगळा काठ उजळला. किती सुंदर केलं होतं मेलीने!

तिने परीक्षण उघडलं. ‘पाठवा’वर बोट नेलं.

“आई.”

लेक दारात उभी होती. कधीची, कोण जाणे. झोपेने उबदार झालेलं ते गाठोडं येऊन मांडीवर चढलं. पडद्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. आईच्या दोन भुवयांच्या मधोमध बोट टेकवून तिथली आठी पुसू लागली.

“तू जिंकलीस ना?”

“हो गं, पिल्ल्या.”

“मग तुला राग कुणाचा आलाय?”