खिंड अडवणारा दगडी राक्षस

मी एक जुना दगडी राक्षस आहे. मित्रांनो, दचकू नका. मी राहतो एका व्हिडिओ गेममध्ये, अरुंद खिंडीच्या तोंडाशी. मला पाडल्याशिवाय कुणालाही पलीकडच्या राज्यात जाता येत नाही.

माझा जन्म एका घराच्या मागच्या खोलीत झाला. तिथे खिडकीच्या गजांवर कपडे वाळत असत आणि टेबलावर चहाचे उष्टे कप साचलेले असत. मला घडवणारा तरुण घरात सगळ्यांचा 'बारक्या' होता. त्याने मला डोंगराएवढे खांदे दिले, हातात गदा दिली आणि डोक्यावर जिवाची लाल पट्टी दिली. घाव बसले की ती पट्टी आखडत जाते. संपली की मी कोसळतो.

माझ्याशी सगळ्यात आधी लढली ती त्याची थोरली बहीण. लहानपणी तिनेच त्याला खेळायला शिकवलं होतं. पण आता तिला एक आजार जडला होता. बोटांतली ताकद हळूहळू जात होती, आणि ती परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

"हात चालताहेत तोवर तुझा हा धोंडा पाडून दाखवते," ताई म्हणाली.

मी एका फटक्यात तिला लोळवलं. ती पुन्हा आली, मी पुन्हा लोळवलं. बारक्याच्या मित्रांनी माझ्या रूपाची वाहवा केली. पण दोन-चारदा मार खाल्ल्यावर तेही गेम बंद करून निघून गेले. मला फार वाईट वाटे. पण जेवढं बळ मला दिलं होतं, तेवढंच मी वापरणार. ते कमी करणं माझ्या हातात नव्हतं.

बारक्याच्या हातात होतं. ताईच्या बोटांतून चमचा, कप, कंगवा निसटू लागला तसा तो घाबरला. ती आंघोळीला गेली असताना त्याने गुपचूप माझं बळ काढून घेतलं. ताई आली, खेळली, आणि मी भुसभुशीत मातीसारखा ढासळलो.

बारक्याने टाळ्या वाजवल्या. ताई पडद्याकडे बघतच राहिली.

"याची गदा लागली, तरी मी मेले कशी नाही?"

"तुझा खेळ सुधारलाय, ताई."

"बारक्या, माझ्या डोळ्यांत बघून बोल."

तो बघेना.

"डॉक्टर गोड बोलतात, आई गोड बोलते. निदान या धोंड्याने तरी माझ्याशी खरं वागावं रे!"

"मग मी करू तरी काय?" बारक्या रडकुंडीला आला. "तुला रोज मरताना बघू?"

"त्याची ताकद काढू नकोस. फक्त तो मारणार आहे, हे मला आधी दिसू दे. न सांगता डोक्यात घालतो, त्याला काय लढाई म्हणतात होय?"

बारक्याने माझं बळ मला परत दिलं आणि सोबत एक नवी सवय लावली. गदा उचलण्याआधी माझा उजवा खांदा करकरत वर जाऊ लागला, छातीच्या भेगांतून धूळ गळू लागली. बघणाऱ्याला बाजूला व्हायला क्षणभर वेळ सापडू लागला.

ताई पुन्हा लढू लागली. माझा खांदा हलला की ती उडी घेई. एकदा माझी पट्टी नखाएवढी उरली, आणि नेमका तिचा अंगठा बटणावर वळला नाही. मी गदा घातली. थांबता आलं असतं तर थांबलो असतो! बारक्या कीबोर्डकडे धावला.

"त्याच्या ताकदीच्या आकड्यांना हात लावलास तर याद राख!" ती ओरडली.

पण पुढच्या खेपेला तिला कंट्रोलर धरताच आला नाही. तो मांडीवरून घसरून फरशीवर आपटला.

ताई म्हणाली, "उचल. हात तुझे, डोळे माझे."

बारक्या मला घडवण्यात हुशार, पण लढण्यात अगदी ढ. "खांदा बघ! डावीकडे! अरे, तुझं डावं!" ओरडून ओरडून ताईचा घसा बसला. हार काही संपेना, आणि तिला आता उशांच्या आधाराशिवाय बसताही येईना. अशाच एका दुपारी माझा खांदा करकरला, ती "आत्ता!" म्हणाली आणि बारक्याची तलवार माझ्या छातीत रुतली. माझं बळ रतीभरही कमी नव्हतं. मी कोसळलो.

"पडला रे! खरा पडला!" ताई हसत होती, रडत होती. डोळे पुसायला तिचा हात उठेना. ते बारक्याने पुसले.

पुढे मी घरोघरी पोचलो. लोकांनी मला शिव्या घातल्या, मला पाडून नाचलेही. आता नवे गेम आले. माझ्या खिंडीत क्वचितच कुणी फिरकतं. मी पडलो तरी पुढच्या खेळाडूसाठी मला पुन्हा उभं करतात. ताईला तसं उभं करणं कुणालाच जमलं नाही. बारक्याने जिवाचं रान केलं, तरी नाही.

म्हणून, मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्यापेक्षा दुबळं कुणी तुमच्यासमोर खेळायला बसलं, तर कीव येऊन मुद्दाम हरू नका. त्याला ते कळतं, आणि माझ्या गदेपेक्षा जास्त लागतं. तुमची चाल त्याला दिसू द्या. सावरायला वेळ द्या. आणि मग पूर्ण ताकदीने खेळा.