एका डोक्याची टोपी

अर्जुनरावसाहेबांच्या डोक्यावरची टोपी आम्ही भर स्टेजवर, दोन बाजूंनी धरून, सगळ्या गावासमोर उपटली.

असं काहीही घडलेलं नाही. त्या संध्याकाळी केक कापला, भाषणं झाली, लोक बुंदी खाऊन घरी गेले. गावात कुणालाही विचारा, सगळे हेच सांगतील, आणि इतक्या एका सुरात सांगतील की तुम्हाला प्रार्थना चालू आहे असं वाटेल. माझंही म्हणणं तेच आहे. तर जे घडलंच नाही, ते आता नीट सांगतो.

सोमेश्वर माझा शाळेपासूनचा दोस्त. धुळाजी आणि कडूबाई यांचा पोरगा. घरी मेंढरं. फौजेत भरती झाला, ट्रेनिंग उरकून पहिल्यांदा सुट्टीवर आला आणि येताना गर्द हिरवी, तिरकी घालायची टोपी घेऊन आला. बेरेट म्हणतात तिला. ही टोपी नवी असते तेव्हा नुसता तवा असतो. तो तवा डोक्यावर घेऊन युनिटात हजर झालं की परेड शिकवणारा उस्ताद त्याच तव्यावर तुम्हाला शेकतो. दोन दिवसांनी सोमेश्वरला घाटनांदूरहून रेल्वे धरायची होती. त्याच्या आत टोपी डोक्यावर बसवायची, एवढं एकच काम त्याला उरलं होतं.

मी गेलो तेव्हा तो अंगणात बसून दाढीच्या पात्यानं टोपीवरची लव काढत होता. मग कडूबाईंनी अंघोळीला तापवलेल्या पाण्यात त्याने ती बुडवली. मग रांजणातल्या गार पाण्यात. पिळली, डोक्यावर घातली. बिल्ला डाव्या डोळ्यावर, उजवी बाजू ओढून कानापर्यंत, आणि तळहाताने दाबत बसला. आता वाळेपर्यंत काढायची नाही, असा नियम.

"अरं सर्दी हुईल," कडूबाई म्हणाल्या. "कावून ओलं फडकं डोक्यावर घिऊन बसलास?"

"आई, फडकं न्हाई, वर्दी हाय."

"मग वर्दीला सर्दी हुईल."

धुळाजी बाजेवर बसून हे सगळं बघत होते. "आमी मेंढरू आधी धुतो, मग त्याची लोकर काढतो," ते मला म्हणाले. "ह्यो काढलेली लोकर धुतो अन् पुन्हा अंगावर घालतो. फौजेत सगळं उलटं असतंय बघ, बंकट."

मी हात पुढे केला. "दे की बे, मी बी बघतो घालून."

सोमेश्वर दोन हात मागे सरकला. "एका डोक्याची असती ही. ओली असताना ज्याच्या डोक्यावर वाळंल, त्याची झाली. दुसऱ्याला देत न्हाईत."

"टूथब्रशसारखं?"

"टूथब्रश एक वेळ देईन," तो म्हणाला. फौजेत माणसाला विनोद शिकवत नाहीत, त्यामुळे तो हे मनापासून बोलत होता.

तेवढ्यात भागवत आला. भागवत म्हणजे अर्जुनरावांचा माणूस. अर्जुनराव म्हणजे जिल्हा परिषदेचे माजी सदस्य, आणि ते इतके दिवस माजी आहेत की आता तेच त्यांचं पद झालंय. मी केजला फ्लेक्स छापतो. अर्जुनरावांचा चेहरा मी कॉम्प्युटरवर इतक्या वेळा गोरा केलाय की खरे अर्जुनराव समोर आले की मला ओळख पटायला वेळ लागतो. त्या दिवशी त्यांचा वाढदिवस होता. फ्लेक्सवर साहेब पूर्ण उंचीचे होते आणि सोमेश्वर त्यांच्या बुटाजवळ, पोस्टाच्या तिकिटाएवढा. मापं मला भागवतनेच दिली होती.

"साहेबांचा वाढदिवस अन् वीर जवानाचा सत्कार, जोडून कार्यक्रम हाय," भागवत म्हणाला. "वर्दी घाल, चल."

"वर्दीत राजकीय कार्यक्रमाला जाता येत न्हाई," सोमेश्वर म्हणाला.

"राजकीय कुठंय? वाढदिवस हाय. माणूस जन्मला ते बी राजकीय व्हय?"

सोमेश्वरने वडिलांकडे बघितलं. वडिलांनी मेंढरांकडे बघितलं. मेंढरं अंगणापलीकडे, अर्जुनरावांच्या रानात बसवलेली होती. मेंढरांच्या लेंड्यांवर साहेबांचं रान पिकतं, आणि त्या बदल्यात धुळाजींना ज्वारी मिळते, वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, लावायला जागा मिळते. भागवत अंगणातल्या कोकरांपाशी गेला. त्याने नुसतं एका कोकराला थोपटलं.

"जा बाबा," धुळाजी म्हणाले.

सोमेश्वर वर्दी घालून, ओल्या टोपीनिशी जीपमध्ये बसला. फोटो काढायला म्हणून मीही बसलो.

सत्कार म्हटला की फेटा आलाच, आणि फेटा बांधायचा तर डोकं मोकळं पाहिजे. वेशीवर साहेब आणि फेटेवाला थांबले होते. तिथे भागवतने सोमेश्वरची टोपी उचलली आणि ठेवायला जागा नव्हती म्हणून साहेबांपुढे धरली. "धरा साहेब, एक मिनिट." साहेबांनी ती धरली नाही. घातली. आमच्याकडे साहेबांच्या हातात गेलेली वस्तू परत यायची रीत नाही, हे टोपीला माहीत नव्हतं. ती नवी होती.

आता साहेबांच्या डोक्याबद्दल सांगावं लागेल, त्याला इलाज नाही. डोकं मोठं आहे, हा काही दोष नाही. पण वाढदिवस म्हणून सकाळीच त्यांनी केसांना कलप लावला होता. लावल्यावर धुतला की नाही, यावर दोन मतं आहेत. मी न धुतल्याच्या बाजूचा आहे. वर खोबरेल. आणि या सगळ्यावर ती ओली, कोमट, तहानलेली लोकर.

"साहेब, ओली हाय ती," सोमेश्वर म्हणाला. तोवर त्याच्या डोक्यावर गुलाबी फेटा चढला होता. मानेपर्यंत जवान, वर नवरदेवाचा मामा.

"असू दे की. गार वाटतंय," साहेब म्हणाले. आणि त्यांनी ती डावीकडे ओढली, कारण फोटोत त्यांची उजवी बाजू चांगली येते. ही बातमी माझ्याच दुकानातून गेलेली आहे.

मग जीप फिरली. टप उघडा, ऊन कडक. साहेब एका टायरच्या दुकानाचं उद्घाटन करून आले, टोपीसकट. एका दहाव्याला जाऊन दुःख व्यक्त करून आले, टोपीसकट. तिथे पिंडाला कावळा शिवत नव्हता. साहेब निघाले आणि शिवला. एका म्हाताऱ्याने विचारलं, "साहेब, भरती झालात व्हय?" साहेब हसले आणि टोपी नीट केली. ती ते सारखी नीट करत होते. गुटख्याची पुडी फोडलेल्या बोटांनी, पेढा खाल्लेल्या बोटांनी, लोकांनी पायावर डोकं ठेवलं की त्यांना उठवलेल्या बोटांनी. बिल्ल्यावर पेढ्याचा एक तुकडा बराच वेळ होता. जीप पळायला लागली की टोपी उडायला बघायची, म्हणून भागवतने तिच्या मागची बारीक दोरी ओढून करकचून गाठ मारली. जनावराच्या दाव्याला मारतात ती गाठ. ती सोडत नाहीत, कापतात.

दुपारनंतर वास सुरू झाला. भिजलेलं मेंढरू, खोबरेल आणि दवाखाना, असा तिन्हीचा मिळून. कपाळावर घामाच्या धारा येत होत्या आणि त्या काळ्या होत्या. साहेब त्या रुमालाने टिपत, रुमाल भागवतकडे देत, आणि भागवत तो घडी करून खिशात ठेवी. हे बघून मी माझ्या हातातला पेढा जीपबाहेर टाकला. सोमेश्वर मागच्या सीटवर ताठ बसून, घरची पोर नको त्या घरी नांदायला जाताना बघावी तसा, आपली टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर वाळताना बघत होता.

"आता काढतील," मी म्हणालो.

"वाळली," तो म्हणाला. "गेली."

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात स्टेज. सगळं गाव बसलेलं. धुळाजी आणि कडूबाई पुढच्या रांगेत, कारण वीर जवानाचे आईबाप. भागवतने माईक घेतला. "आता आपला जवान साहेबांना कडक सलाम देणार हाय! बंकट, व्हिडिओ चालू कर."

मी मोबाइल धरला. सोमेश्वर साहेबांसमोर गेला, टाचा जुळवल्या, सावधान झाला. आणि तसाच राहिला.

"हाण की," भागवत म्हणाला.

"टोपीशिवाय सलाम होत न्हाई. नुसतं सावधान व्हायचं असतंय. नियम हाय."

"फेटा हाय की डोक्यावर!"

"फेटा वर्दीत बसत न्हाई."

भागवतने विचार केला. भागवत विचार करतो तेव्हा माईक बंद करायला विसरतो. "म्हंजे ज्याच्या डोक्यावर टोपी हाय, त्यानंच सलाम करायचा?"

"व्हय," सोमेश्वर म्हणाला.

हे स्पीकरवरून सगळ्या गावाने ऐकलं, आणि सगळं गाव अर्जुनरावांच्या उजव्या हाताकडे बघायला लागलं. हात जरासा हलला. मी शपथेवर सांगतो, हलला.

"ऐ," साहेब भानावर येऊन म्हणाले. "घे तुझी टोपी एक मिनिट. सलाम झाला की दे परत."

त्यांनी टोपी धरून वर ओढली. टोपी आली नाही. भुवया आल्या. भागवतने गाठ सोडवायचा प्रयत्न केला, पण गाठ त्याचीच होती. मग एका बाजूने सोमेश्वर, एका बाजूने मोबाइल न सोडता एका हाताने मी, आणि भागवतने साहेबांना कमरेला धरलं. चिखलातून गमबूट निघावा तसा आवाज झाला.

कानांच्या खाली साहेबांचे केस काळेभोर होते. टोपीखालचे सगळे पांढरे झाले होते. म्हणजे धड पांढरेही नाहीत. ताकात पडलेल्या माशीच्या रंगाचे, डोक्याला चिकटलेले. कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत काळा पट्टा. तो ओला होता. एक लहान पोरगं रडायला लागलं, त्याच्या आईने त्याचं तोंड दाबलं.

साहेबांना यातलं काही दिसत नव्हतं. ते आपले हसत उभे. "हं. हाण आता."

सोमेश्वरने टोपी उलटी करून आत बघितलं. मीही बघितलं. आत काळपट चकाकी होती, केस होते, आणि कडेला एक पांढरट थर, ज्याबद्दल मी कुणाशीही बोलणार नाही. तिथे वर्ष वर्ष कलप, तेल आणि भाषणं मुरली होती असं वाटलं. सोमेश्वरने एकदा पुढच्या रांगेकडे बघितलं. धुळाजी खाली मातीकडे बघत होते. नियम सोमेश्वरनेच सांगितला होता, आणि टोपी आता त्याच्याच हातात होती.

त्याने फेटा काढला. श्वास धरला. टोपी घातली.

ती त्याच्या भुवयांच्या खाली आली आणि डाव्या कानावर आपसूक कलली, जणू तिला कुणी शिकवून ठेवलं होतं. त्याने सलाम केला. कडक. बोटांची टोकं टोपीच्या कडेला लागली आणि काळी झाली. कडूबाईंनी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, भरून आलं. त्यांना ओकारी आली होती, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

टाळ्या झाल्या नाहीत. साहेबांना शंका आली. त्यांनी माझ्या हातातला मोबाइल घेतला, व्हिडिओ लावला आणि स्वतःचं डोकं पाहिलं. दोनदा पाहिलं. पहिल्यांदा त्यांना वाटलं दुसरं कुणी आहे.

मग वीज गेली, म्हणजे भागवतने घालवली, आणि अंधारात सगळ्यांचे मोबाइल तपासले गेले. वीज परत आली तेव्हा साहेबांच्या डोक्यावर गुलाबी फेटा होता आणि काहीही घडलेलं नव्हतं.

सकाळी भागवत धुळाजींकडे आला. "आजच वाघर हालवा. मेंढरं दुसरीकडं न्या."

"कावून?" धुळाजींनी विचारलं. "पोरानं सलाम केला की. काय झालं?"

"कुठं काय झालं? काहीच झालं न्हाई. म्हणूनच हालवा."

धुळाजींनी मेंढरं लिंबागणेशच्या बाजूला पाव्हण्यांच्या रानाकडे हाकलली. कडूबाई मागे थांबल्या, टोपी धुवायला. रिठ्याने धुतली, पाणी काळं. पुन्हा धुतली, पाणी काळं. त्यांनी ते पाणी उकिरड्यावर ओतलं तर कोंबड्या उठून दुसऱ्या उकिरड्यावर गेल्या. सोमेश्वरने पुन्हा गरम पाणी, पुन्हा गार, पुन्हा डोक्यावर, दिवसभर तळहाताने उजवीकडे दाबत बसला. वाळली की टोपी हळूच डावीकडे वळायची. वास थोडा कमी झाला, पण गेला नाही. तो घाटनांदूरला गाडीत बसला तेव्हा टोपी प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवली होती, आणि तरी शेजारच्या बाईने खिडकी उघडली.

युनिटात उस्तादने टोपीकडे बघितलं, मग सोमेश्वरच्या डोक्याकडे, मग पुन्हा टोपीकडे. "ये किसका सिर उठा लाया बे?" मग सोमेश्वरने ग्राउंडला पळत फेऱ्या मारल्या. नवी टोपी पाहिजे तर जुनी का खराब झाली, त्याचं कारण लेखी दे, असं त्याला सांगितलं गेलं. त्याने मला फोन केला.

"बंकट, काय लिवू? घडलं तर काहीच न्हाई."

"मी देतो लिहून," मी म्हणालो. फ्लेक्सवाल्याला न घडलेल्या गोष्टींची सवय असते. अर्ज मराठीत लिहिला. तिकडे कुणाला मराठी येत नाही, हे मला माहीत आहे.

प्रति,
मा. सक्षम प्राधिकारी यांचे सेवेशी,

विषय : टोपीस योग्य डोके उपलब्ध करून देणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदारास देण्यात आलेली टोपी वापरण्यायोग्य स्थितीत असून केवळ तिच्या आकाराचे डोके युनिटमध्ये उपलब्ध नाही. सदर डोके तालुका केज, जिल्हा बीड येथे असून सद्यःस्थितीत कोणत्याही उपयोगात नाही. तरी शासनावर नव्या टोपीचा भार न टाकता, सदर डोके त्याच्या मालकासह युनिटच्या हजेरीपटावर घेण्यात यावे, रोज पहाटेच्या परेडला टोपीखाली उभे करण्यात यावे, परेडपूर्वी ते स्वच्छ धुतले असल्याची खात्री वरिष्ठांनी नाकाने करावी, आणि त्यास कोणत्याही कारणास्तव सुट्टी मंजूर करण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.