गाठ नसलेले दिवे

संतोषने पिशवी काउंटरवर रिकामी केली नाही. एकेक दिवा बाहेर काढून ओळीत मांडला, दहाच्या दहा, आणि मग म्हणाला, "ताई, जरा लावून बघता?"

मी पहिला लावला. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. बरोबर होता. दुसऱ्याला डावीकडे हिरवा आणि उजवीकडे लाल. तिसऱ्याच्या दोन्ही बाजू लाल. चौथा बरोबर. पाचव्याच्या दोन्ही बाजू हिरव्या. पुढचे मी लावले नाहीत.

"बघा की सगळे," तो म्हणाला. "आम्ही अंधारात, पाण्यात बसून बघितले. तुमच्या डोक्यावर तर पंखा आहे."

संतोष पानशेतच्या बाजूला धरणाच्या पाण्यावर हौशी लोकांना कयाकमधून फिरवतो. कयाक म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद, बुटकी होडी. पौर्णिमेच्या आगेमागे त्याच्याकडे रात्रीची गर्दी असते. अंधारात एका होडीला दुसरी दिसत नाही, फक्त दिवे दिसतात. डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा, मागे पांढरा. कुठला रंग दिसतो त्यावरून समोरची होडी कुठे चालली आहे ते कळतं. परदेशी बनावटीची एक जोडी घ्यायची तर संतोषच्या म्हणण्याप्रमाणे होडी विकावी लागली असती. म्हणून तीन वर्षांपूर्वी तो बुधवार पेठेत स्वस्त दिवे शोधत अब्बांच्या दुरुस्तीच्या दुकानापर्यंत आला. अब्बांनी त्याला एकच प्रश्न विचारला होता, "पाण्यात पडला तर चालू राहायला पाहिजे की बंद पडला तरी चालेल?" संतोष म्हणाला, चालू राहायला पाहिजे. मग अब्बांनी पाइपच्या तुकड्यात तीन सेल, दोन रंगीत एलईडी आणि एक पांढरा बसवून, तोंडं सिलिकॉनने बंद करून, खाली होडीला चिकटणारा रबरी कप लावून एक नमुना दिला. तो नमुना अजून चालतो.

शनिवारी काय झालं ते संतोषने हळूहळू सांगितलं. समोर हिरवा दिसला, म्हणजे ती होडी आपल्या डावीकडून उजवीकडे चालली आहे असं धरून तिच्या मागून जायला तो डावीकडे वळला. होडी उजवीकडून डावीकडे येत होती. तीत तनया नावाची मुलगी होती, हिंजवडीला नोकरी करणारी, दुसऱ्यांदाच आलेली. संतोषच्या होडीचं टोक तिच्या होडीवर चढलं आणि ती उलटली.

"जॅकेट होतं अंगात. पण होडीच्या खाली अडकली. मिनिटभर हाताला लागलीच नाही. मिनिट केवढं असतं ते मला परवा कळलं."

ती कशी आहे, मी विचारलं.

"मनगटाला प्लास्टर आहे. हसत होती. मला हसता येईना."

तो भांडायला आला नव्हता. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने एक दिवा हातात घेऊन फिरवला. आम्ही लागतात का एवढंच बघितलं, म्हणाला, चाचांचे दिवे कोण तपासतं? लोक विचारत होते, कुणाकडून केले. तो त्यांना म्हणाला, म्हातारे होते, शेवटी शेवटी नजर गेली असणार.

"चालायचंच, ताई. गेलेल्या माणसाला काय बोलायचं."

अब्बांना जाऊन अठरा दिवस झाले होते. त्यांची नजर शेवटपर्यंत चांगली होती. सुईत दोरा अम्मीला तेच ओवून देत. हे मी संतोषला सांगू शकले असते, पण मग समोरच्या दहा दिव्यांचं काय, ते मला सांगता आलं नसतं.

येत्या शनिवारसाठी पंधरा जणांनी नावं दिली होती. मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत करून देते. "तुम्ही?" त्याने विचारलं. मी नुसती मान हलवली. निघताना तो दारात वळला.

"एक कळलं नाही. चाचांच्या वायरला आत गाठी असायच्या. ओढली तर तुटू नये म्हणून असतील. यांना नाहीत."

मी एक दिवा उघडला. खरंच गाठ नव्हती.

तो गेल्यावर मी अब्बांच्या खुर्चीत बसले. दुकान सहा फूट रुंद आहे. मी कर्वेनगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, पण वाचायला शिकले ती इथे. शाळा सुटली की त्यांच्या खुर्चीच्या डाव्या हाताला एका बुटक्या स्टुलावर बसायची. घरात आम्ही आमची दखनी बोलतो, पण दुकानाची पायरी चढली की अब्बा माझ्याशीही मराठीत बोलत. गिऱ्हाइकासमोर दोन भाषा नकोत म्हणायचे. रेडिओत बसवायचे बारीक रेझिस्टर असतात, त्यांच्या अंगावर रंगीत पट्टे असतात आणि पट्ट्यांवरून त्यांचा रोध किती ते कळतं. अब्बा एकेक माझ्यापुढे धरत आणि विचारत, "कोणता?" मी सांगायची, तपकिरी, काळा, लाल. ते "शाबास" म्हणायचे आणि तो योग्य डबीत टाकायचे. मला बाराखडी यायच्या आधी रंगांची ती ओळ पाठ होती. मी बारावीत गेले तरी ते विचारतच असत. मला वाटायचं, सवय आहे.

बेंचवर आकड्यांचा मीटर होता. काट्याचा जुना मीटर फळीवर गेला आणि हा आला, तो माझ्या लग्नानंतरच्या आठवड्यात. मी त्यांची थट्टाही केली होती, की मी जायची वाट बघत होता का आधुनिक व्हायला? ते म्हणाले होते, "हो, तुझ्यामुळे अडलं होतं."

मीटरच्या पाठीवर चिकटपट्टीखाली कागदाचा तुकडा होता. अब्बांच्या अक्षरात दोन ओळी. ल १.९. हि ३.१.

मी डब्यातला एक एलईडी घेतला. न लावलेले असताना ते सगळे काचेसारखे बिनरंगी असतात, रंग लावल्यावरच उमटतो. मीटरच्या दोन सुया त्याच्या दोन तारांना लावल्या, की तो किती व्होल्टला लागतो तो आकडा येतो. १.९. तो मंद लाल उजळला. दुसरा घेतला. २.०. तो हिरवा होता. तिसरा १.९, लाल. चौथा पुन्हा २.०, पुन्हा हिरवा. पाचव्याला १.९५ आला, तेव्हा मी मीटर खाली ठेवला. या एलईडींचा रंग आकड्यावरून ओळखता येत नव्हता.

हे एलईडी मी आणले होते.

त्या आठवड्यात अब्बांचा गुडघा फार दुखत होता. त्यांनी मला चिठ्ठी दिली. लाल पन्नास, हिरवे पन्नास, आणि नेहमीच्या दुकानाचं नाव. त्या दुकानात भाव ऐकून मला जास्त वाटला. दोन दुकानं सोडून तिसऱ्यात निम्म्याने मिळत होते. दुकानदार म्हणाला, जुन्या पद्धतीचे आहेत, पण दिवा तो दिवा. मी पुस्तकांशिवाय कशात घासाघीस करत नाही, त्या दिवशी केली आणि खूश झाले. त्याने लाल आणि हिरवे एकाच पिशवीत ओतले. मी ती पिशवी तशीच घेतली.

अब्बांनी पिशवी उजेडाकडे धरली होती. "एकत्रच दिले?"

"लावल्यावर कळतंच ना," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "कळतं."

पुण्यात इतकी वर्षं त्यांनी स्कूटर चालवली. सिग्नलला शेजारची गाडी हलल्याशिवाय ते कधी हलले नाहीत. मागून लोक हॉर्न वाजवायचे, बोलायचे. मी त्याला सभ्यपणा समजत होते.

संध्याकाळी मी अम्मीकडे गेले. इद्दतीचे, म्हणजे नवरा गेल्यावर बाईने घरातच राहायचे दिवस, ती खोलीतून फारशी बाहेर येत नाही. पलंगावर बसून तांदूळ निवडत होती. मी विचारलं, अब्बांना लाल आणि हिरवा वेगळा दिसायचा नाही का? सगळे खडे बाजूला काढून झाल्यावर ती म्हणाली, लग्नाच्या आधी सासूने सांगितलं होतं, कुणाजवळ बोलू नको, बिजलीचं काम करणाऱ्याला कोण काम देईल? ती बोलली नाही. त्यांच्याशीही त्यावर कधी बोलली नाही. मग त्यांचं कसं चालायचं, मी विचारलं. रंग तुला विचारत नव्हते?

"मेरेकू नै पूछते थे," अम्मी म्हणाली. "तेरेकू पूछते थे."

आणि पुन्हा तांदळात बघू लागली.

अब्बा गुरुवारी पहाटे गेले. त्याआधीच्या शुक्रवारी त्यांचा फोन आला होता. रविवारी येतेस का तासभर, म्हणाले. बाजार बंद असतो, निवांत बसू, पूर्वीसारखं. आमच्या ग्रंथालयात पुस्तकांची वार्षिक मोजणी चालू होती. मी म्हटलं, हा रविवार नाही जमणार, पुढचा नक्की. काही काम होतं का? "काम तसं काही नाही," ते म्हणाले. "बसलो असतो." पुढच्या रविवारी घरात जियारत होती, त्यांच्याच नावाची दुआ.

जियारतीच्या दुसऱ्या दिवशी संतोषचा फोन आला. आधी अब्बांबद्दल बोलला, मग अवघडत दिव्यांचं विचारलं. मी दुकान उघडलं. दहा दिव्यांचा खोका बेंचवर नव्हता, तयार मालाच्या फळीवरही नव्हता. माझ्या बुटक्या स्टुलावर ठेवलेला होता. इतक्या वर्षांत त्या स्टुलावर त्यांनी कधी सामान ठेवलं नव्हतं. मी खोका उचलला, फडक्याने पुसला आणि संतोष आल्यावर त्याच्या हातात दिला.

मंगळवार ते गुरुवार मी कॉलेज सुटल्यावर दुकानात येत होते. दहा दिवे सोडवले. रंगीत वीस एलईडी लावून बघून वेगळे केले. त्याला मला चार मिनिटं लागली. सोल्डर करायला मात्र तीन संध्याकाळी लागल्या, कारण हात वळत नव्हता आणि दोनदा बोट भाजलं. दुकानात पडलेला अब्बांचा एक जुना दिवा नमुन्याला उघडून ठेवला होता. त्यात लालच्या वायरला एक गाठ होती, हिरव्याच्या वायरला दोन. चाचपून कळावं अशा, घट्ट. मी तशाच बांधल्या.

शुक्रवारी संतोष आला. या वेळी त्याने स्वतः दहाही दिवे तपासले. समोरून, मागून, मग पुन्हा समोरून. मला त्याचं वाईट वाटलं नाही. एक त्याने कानाशी हलवून पाहिला आणि उघडून आत डोकावला.

"गाठी आल्या परत."

"हो," मी म्हटलं. मग दोन दिवस मनात जुळवलेलं वाक्य बोलले. "संतोष, ते दिवे अब्बांनी दिले नव्हते. तपासायचे राहिले होते. मी न तपासता दिले. त्या मुलीला आणि बाकीच्यांना तसं सांगा."

"तपासायचं काम तुमच्याकडे होतं?"

"लहानपणापासून."

तो हसला. "मग चाचा काय करायचे?"

"बाकीचं सगळं."

त्याने दिवे एकेक करून पिशवीत ठेवले. सांगतो म्हणाला. मग पायरीवर चपला सरकवत म्हणाला, "लोकांचं काय हो ताई, त्यांना आता आठवतही नसेल. म्हातारं माणूस म्हटलं की समजून घेतात."

ती पिशवी घेऊन तो गर्दीत शिरला. मी त्याला हाक मारली नाही. खरं काय ते सांगितलं तर अब्बांनी जन्मभर झाकलेलं उघडं पडत होतं, आणि नाही सांगितलं तर पानशेतच्या पाण्यावर ते नजर गेलेले म्हातारे म्हणूनच राहणार होते. तिसरं काही मला सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

दुकान या महिनाअखेर सोडायचं ठरलं आहे. आवरायला घेतलं तेव्हा उरलेले एलईडी तसेच एका डब्यात होते, लाल-हिरवे एकत्र. ते तसेच कुणालाही देता आले असते. फळीवर अब्बांच्या दोन डब्या होत्या, एकीच्या झाकणावर ब्लेडने पाडलेली एक खाच, दुसरीच्या दोन. मी शटर अर्धं खाली ओढलं, स्टूल त्यांच्या खुर्चीच्या डाव्या हाताला ठेवलं आणि त्यावर बसले. खुर्ची रिकामीच राहू दिली. एकेक एलईडी मीटरला लावत गेले.

"लाल," मी म्हटलं. "लाल. हिरवा."

प्रत्येक शब्दानंतर मी थोडी थांबत होते, त्यांच्या हाताला डबीपर्यंत जायला जेवढा वेळ लागायचा तेवढी.