ऑल्डविन इतका बोलका नव्हता

ज्या वर्षी माझ्या लेकीने, जॅनिसने, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दुसरं लग्न केलं आणि मी तिच्या लग्नातला शॅम्पेनचा पेला नुसता ओठाला लावून खाली ठेवला, त्या वर्षी मी डायलिसिसच्या खुर्चीवर बसायला लागलो. किडन्या गेल्या की पाणी मोजून प्यावं लागतं. जावयाला वाटलं, म्हाताऱ्याला मी पसंत नाही. पसंत नव्हताच, पण पेला त्यासाठी ठेवला नव्हता.

सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी रुग्णालयाची गाडी न्यायला यायची. आधी वजनकाटा, मग खुर्ची, मग हातात दोन सुया. एका नळीतून रक्त बाहेर जातं, मशीनमध्ये धुऊन दुसरीतून आत येतं. दुखत फारसं नाही. थंडी वाजते. डरहॅमच्या कोळशाच्या खाणी बंद पडेपर्यंत मी खाणीत होतो, पण तिथे कधी अशी थंडी वाजली नव्हती. ही आतून येते. चार तास घोंगडी पांघरून बसायचं आणि मधे कधीतरी नर्स अर्धा कप चहा आणि एक टोस्ट देते, त्याची वाट पाहायची.

आमच्या कोपऱ्यात तीन खुर्च्या होत्या. मधली माझी. डावीकडे एनिड रेन, वय चौऱ्याऐंशी. टेकडीवरच्या एका कॉलेजात तिने जन्मभर मुलांच्या खोल्या झाडल्या होत्या. उजवीकडे टॅमझिन नावाची मुलगी. ती चोवीस वर्षांची होती, त्याच टेकडीवर शिकत होती आणि नव्या किडनीची वाट पाहत होती. तिच्याजवळ नेहमी एक जाडजूड पुस्तक असे. सुयांचा हात हलवता येत नाही, म्हणून ती ते उशीवर ठेवून एका हाताने पानं उलटायची.

"एवढं काय वाचतेस गं?" एनिडने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"तुम्हाला नाही आवडणार, मिसेस रेन. एक जुनं काळोखं कॉलेज असतं. पाच मुलं तिथे चोरून जादू शिकतात आणि शेवटी एकमेकांच्या जिवावर उठतात."

"मग मला का नाही आवडणार? पस्तीस वर्षं मी असल्याच पोरांच्या खोल्या झाडल्या. गालिच्यावर दारूचे डाग, जिकडेतिकडे मेणबत्त्यांचं मेण, आणि तोंडावर भाव असा की यांच्याच घरी कुणीतरी मेलंय. एकानेही कुणाचा खून केला नाही. माझी अगदी निराशा झाली. वाच मोठ्याने."

टॅमझिन वाचू लागली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की ऑल्डविन नावाचा मुलगा मेला आणि बाकीच्या चौघांना ते कसं झालं हे माहीत आहे. मी म्हणालो, "घ्या. सगळं सांगून टाकलं. आता पुढची सहाशे पानं कशाला?"

"तो कोण होता ते कळायला," टॅमझिन म्हणाली.

"मेलेला होता ना?"

"विल्फ," एनिड म्हणाली, "गप बस आणि टोस्ट खा."

त्या पुस्तकातली जादू अशी होती. कॉलेजच्या भिंतींत जुने पंडित पुरलेले असतात. त्यांना काहीही विचारलं तर ते खरं सांगतात, पण त्याबदल्यात विचारणाऱ्याला आपल्या माणसाची एक आठवण द्यावी लागते. एकदा दिली की ती परत मिळत नाही. पोरं हुशार, हावरी. विचारत जातात. हळूहळू त्यांना एकमेकांची नावं तेवढी माहीत उरतात, माया उरत नाही. मला पंडितांचं काही वाटलं नाही. पण ती पाच पोरं एका टेबलाशी बसून एकमेकांना टोचून बोलायची, ते ऐकताना मी चहाची वाट पाहायचं विसरायचो.

जॅनिसला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, हे पोरासोरांचं वाचन. तुम्ही काय करता त्यात?"

खाणीत आम्ही पाच जण एका जागी काम करायचो. अंधारात कोण खोकला यावरून माणूस ओळखू यायचा. कोण रागावलाय, कुणाचं घरी बिनसलंय, हे फावड्याच्या आवाजावरून कळायचं. बाहेर पडायला वाट एकच आणि ती सगळ्यांची मिळून. त्या पाच पोरांचंही तसंच होतं. त्यांच्याकडे कोळसा नव्हता एवढंच.

वाचन माझ्याकडे उशिरा आलं. बायको होती तोवर वाचायचं काम तिचं. ती गेल्यावर सहासष्टाव्या वर्षी मी वाचनालयातल्या वर्गात जाऊन अक्षरं शिकलो. टॅमझिनला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, आपण पात्रं वाटून घेऊ. एनिडला तिने व्हेनिशिया दिली. ही पाचांतली सगळ्यात थंड आणि विषारी मुलगी. एनिड खूष झाली. मला ऑल्डविन दिला.

"मेलेला मला?"

"त्याला बोलायला कमी आहे, विल्फ. तुम्हाला सोपं जाईल."

ऑल्डविन बेकरीवाल्याचा मुलगा, फीमाफीवर शिकायला आलेला. खरंच फार बोलत नसे. "हो." "असेल." "दार लावून घे, वारा येतोय." एवढंच. बाकीची चार पोरं तासभर तत्त्वज्ञान झाडायची आणि हा शेवटी म्हणायचा, "पाव संपला." टॅमझिन माझ्यासाठी प्रत्येक प्रकरण मोठ्या अक्षरांत छापून आणायची, ऑल्डविनच्या ओळींखाली हिरवी रेघ मारून. माझी पाळी आली की एनिड आणि टॅमझिन थांबायच्या. मी बोट ठेवून वाचायचो. घाई कुणी केली नाही. घाई करून जायचं कुठे होतं?

ऑक्टोबरमध्ये एका सोमवारी डॉक्टर एनिडच्या खुर्चीशी स्टूल ओढून बसले. पडदा लावला होता, पण पडद्यातून आवाज येतोच. ते गेल्यावर एनिडने आम्हाला स्वतःच सांगितलं.

"मी हे मशीन बंद करणार आहे. कंटाळा आला. मुलाला ऑस्ट्रेलियात फोनवर सांगितलंय, तो रडला, मग ठीक आहे म्हणाला. आता एवढं पुस्तक संपू दे."

मशीन बंद केलं की माणूस आठ-दहा दिवस जगतो. त्या खोलीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. मी म्हणालो, "बरं." टॅमझिन उरलेली पानं मोजू लागली. पुस्तकाची दोन-तीन प्रकरणं उरली होती.

नोव्हेंबर गेला. डिसेंबरात नर्स रोवेनाने मशीनला चमकीची माळ लावली. पुस्तक संपत नव्हतं. टॅमझिन दर वेळी नवे कागद आणायची, माझ्या वाट्याच्या ओळी वाढत चालल्या होत्या. ऑल्डविन आता विनोद करत होता. व्हेनिशियाला आपल्या आईबद्दल सांगत होता. एकदा तर तो पानभर बोलला. ते वाचायला मला माझा टोस्ट पूर्ण थंड होईपर्यंत वेळ लागला. त्या दिवशी मी उजवीकडे पाहिलं. टॅमझिनच्या उशीवर पुस्तक उघडं होतं, पण त्यातली वाचनखुणेची फीत मागच्या महिन्यात होती तिथेच होती.

मी विचारलं नाही. या पुस्तकांचे वाचक असं करतात, हे मला नंतर कळलं. आवडलेलं पात्र सोडवत नाही म्हणून त्याच्या पुढच्या गोष्टी स्वतःच लिहितात आणि एकमेकांना वाचायला देतात.

जानेवारीत टॅमझिनला तपासणीसाठी दुसरीकडे नेलं होतं, तेव्हा एनिड मला म्हणाली, "हे पोरीचंच आहे बरं का."

"काय?"

"सोंग नको करू. ऑल्डविन इतका बोलका कधी झाला? ज्या पोराने सहाशे पानांत चार वाक्यं धड बोलली नाहीत तो आता आईच्या आठवणी सांगतोय. पहिल्याच दिवशी कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"वाईट लिहीत नाही ती." एनिडने घोंगडी हनुवटीपर्यंत ओढली. "आणि तिच्या घरचं कुणी येतं का इथे? पाहिलंस कधी?"

मी पाहिलं नव्हतं.

"तिला किडनीचं बोलावणं येऊ दे. तोवर बोलू दे त्याला."

बोलावणं जानेवारीच्या शेवटी आलं. टॅमझिनला न्यूकॅसलच्या रुग्णालयात नवी किडनी मिळाली. सोमवारी तिची खुर्ची रिकामी होती. बुधवारी रोवेना ते जाड पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "विल्फ, ती बरी आहे. तिने हे तुमच्याकडे द्यायला सांगितलंय. आणि निरोप आहे, शेवटचं प्रकरण मी येईपर्यंत वाचू नका."

एनिडने ऐकलं होतं. "दोन महिने तरी लागतील तिला यायला," ती म्हणाली.

"लागतील."

"वाच."

"पोरगी नको म्हणाली, एनिड."

"पोरगी पुस्तक लांबवत होती आणि मी तिच्यासाठी थांबले होते. आता तिचं झालं. माझे पाय बघितलेस का? रात्रभर खाजवते मी. प्रत्येक वेळी इथून घरी जाऊन पडते ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठते, मग परत गाडी येते. मला खरा शेवट ऐकायचाय. तो मेलाय हे तर पहिल्या पानापासून माहीत आहे."

मी खिडकीकडे पाहत राहिलो. बाहेर गाड्या लावायची जागा आणि तिच्यापलीकडे कॅथीड्रलचं टोक. मशीन वाजलं, रोवेनाने येऊन बटण दाबलं.

"आज नको," मी म्हणालो.

"बरं. शुक्रवारी."

शुक्रवारी मी पुस्तक नेलं. घरी ठेवून आलो असतो तर तिने मला काही म्हटलं नसतं, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा विचारलं असतं. फितीच्या जागी उघडलं, शेवटचं छोटं प्रकरण तेवढं उरलं होतं. अक्षरं बारीक होती, माझ्यासाठी कुणी मोठी केली नव्हती. एनिडची व्हेनिशियाची वाक्यं आली की मी पुस्तक तिच्याकडे वळवायचो आणि ती चष्मा वर करून वाचायची. बाकी सगळं मी. मुद्दाम हळू वाचलं नाही. मला वेग तेवढाच आहे.

शेवट असा होता. चौघांनी आपापल्या साऱ्या आठवणी देऊन टाकलेल्या असतात. भिंतीतले पंडित आणखी मागतात. ऑल्डविनकडे सगळ्या असतात, कारण त्याने कधी काही विचारलेलंच नसतं. चौघं त्याला म्हणतात, तुझ्या दे. तो नाही म्हणतो. ते त्याला तळघरात ठेवून वर येतात. कुणी त्याला मारत नाही. फक्त कुणी परत खाली जात नाही, कारण का जायचं ते कुणाला आठवत नाही. तळघरातून त्याचा आवाज येतो तो शेवटचा. व्हेनिशिया जिन्यात थांबते.

"कोण आहे खाली?" एनिडने वाचलं. तिचा आवाज सपाट होता, व्हेनिशियाचा होता तसाच.

माझी ओळ मी बोटाने शोधली. "दार लावून घे, वारा येतोय."

व्हेनिशिया दार लावते. पुस्तक संपलं.

एनिडने चष्मा पुन्हा नाकावर ओढला. मग म्हणाली, "हं. हा खरा तो." थोड्या वेळाने तिने रोवेनाला हाक मारली. "पोरी, आज मला पूर्ण कप चहा दे. दोन चमचे साखर."

रोवेनाने आधी पायाशी लावलेल्या, किती प्यायचं त्याच्या तक्त्याकडे पाहिलं, मग एनिडकडे. ती जाऊन काठोकाठ भरलेला कप घेऊन आली. एनिडने तो सावकाश, तळाशी काही न ठेवता प्यायला. मी माझा अर्धा प्यायलो. चार तास झाले, सुया काढल्या, कापूस दाबून धरला. तिची गाडी आधी आली. चाकाच्या खुर्चीत बसताना ती म्हणाली, "त्या पोरीला सांग, लिहीत राहा म्हणावं. पण ऑल्डविनला सोड. तो तसा नव्हता."

सोमवारी ती आली नाही. पुढच्या आठवड्यात तिच्या खुर्चीवर एक जाडा माणूस आला. तो कानात यंत्र घालून फुटबॉल ऐकायचा.

टॅमझिन मार्चमध्ये भेटायला आली. गाल भरले होते, हातात पाण्याची मोठी बाटली, आणि ती सारखी पीत होती. बोलताना बाटलीकडे माझी नजर जातेय हे कळल्यावर तिने ती पाठीमागे धरली.

"मी आणखी दोन प्रकरणं लिहिली होती," ती म्हणाली. "तुम्ही का वाचलंत, विल्फ?"

"तिने मागितलं."

"मी नको म्हणाले होते."

"हो."

ती रोवेनाच्या स्टुलावर बसली. "तिला कळलं होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"कशावरून?"

मी एनिडचे शब्द तिला सांगितले. टॅमझिन हसायला लागली आणि मधेच थांबली. पुस्तक मी तिला परत दिलं, तिने ते माझ्या मांडीवर ठेवलं. ते आता माझ्या घरी आहे. दुसऱ्यांदा वाचायला घेतलंय, पहिल्या पानापासून. रोज थोडं थोडं वाचतो, एका प्रकरणाला मला आठवडा लागतो.

एनिड रेन बारा फेब्रुवारीला, रविवारी सकाळी, आपल्या घरी वारली.