ओढ्यातून आलेले हात

२००७ सालची गणेश चतुर्थी शनिवारी आली. जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या 'बाखपाटन'ची, म्हणजे ओढा दत्तक घेतलेल्या स्वयंसेवकांची, पाणी तपासायची पाळी नेमकी त्याच सकाळी होती. अपूर्वा आणि तिचा नवरा प्रसन्न गमबूट चढवून ओढ्यात उतरले. तिने दगड उलटायचे, त्याने खाली जाळी धरायची. एका दगडाला तीन शेपट्यांची चपटी अळी चिकटलेली दिसली आणि अपूर्वा हरखलीच. मेफ्लाय नावाच्या माशीची ही अळी घाण पाण्यात तग धरत नाही. गेल्या वर्षी वरच्या अंगाला सांडपाणी सुटलं, तेव्हापासून ती दिसलीच नव्हती.

"आली बघ परत!"

"गेनाऊ, अगदी बरोबर! आता चल, आई वाट बघतेय," प्रसन्न हसला.

घरी येऊन दोघांनी अंघोळी केल्या. प्रसन्नच्या आई, प्रभाताई, पुण्याहून सणासाठी आल्या होत्या. अपूर्वा उकडीला हात घालणार, तोच त्या म्हणाल्या, "तू राहू दे. गटारात हात घालून आलीस."

"अहो आई, अंघोळ केलीये. आणि ते गटार नाही, ओढा आहे."

"जर्मनीतलं असलं तरी गटार ते गटारच."

सणाच्या दिवशी वाद नको म्हणून अपूर्वा बाजूला झाली. तेवढ्यात प्रसन्न डोकं पुसत आला. "ये रे, सारण भर," म्हणत प्रभाताईंनी परात त्याच्यापुढे सरकवली.

अपूर्वा थबकली. दोन माणसं, एकच पाणी, एकच साबण; आणि निकाल वेगळा? मग फरक पाण्यात नव्हताच.

"आई, हाही त्याच ओढ्यात होता."

"तो पुरुष आहे."

"पुरुषाला चिखल लागत नाही?"

प्रभाताईंचा तोल गेला. "त्याच्या आजोबांनी नाले नाही उपसले!"

लग्नात सगळ्यांनी गिळलेलं वाक्य अखेर बाहेर पडलं. प्रसन्नने अपूर्वाला बाहेरच्या खोलीत नेलं. "अपू, ऑफिसातले लोक जेवायला यायचेत. मोदक तूच कर. आईने केले म्हणून सांगू. जयंत-चारुलताला काय कळतंय?"

"म्हणजे हात माझे चालतील, नाव नाही?"

ती स्वयंपाकघरात परतली आणि परात ओढून उकड मळू लागली.

"मी पाण्याचा घोटसुद्धा घेणार नाही," प्रभाताई म्हणाल्या.

"नका घेऊ. तुमच्यावर जबरदस्ती नाही. पण या घरात माझ्या हातांना बंदी चालणार नाही."

संध्याकाळी आरती झाली. नैवेद्य अपूर्वानेच दाखवला. प्रभाताई आतल्या खोलीत दार लावून बसल्या. पानं मांडली गेली. प्रसन्नचे सहकारी जयंत, त्यांची बायको चारुलता आणि आणखी दोन कुटुंबं जेवायला बसली.

"वा, कळ्या काय सुबक! प्रभाकाकूंचा हात लागलेला दिसतोय," चारुलता म्हणाली.

"नाही ताई, मी केलेत," अपूर्वा म्हणाली. "सोलापुरात जन्मभर नाले उपसले, त्या दत्ता खंदाऱ्यांची मी नात. आज सकाळी मीही ओढ्यात होते. वाढू?"

चारुलताने नवऱ्याकडे पाहिलं. जयंतचा वरणभाताकडे गेलेला हात पानावरच थांबला. तुपाची वाटी घेऊन मागे उभ्या असलेल्या प्रसन्नने मान खाली घातली.

अपूर्वाने घातली नाही. मोदकांचं ताट घेऊन ती पुढच्या पानाकडे वळली आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणाली.