उपसणाऱ्याची जागा

मी बोलतोय. तिकडे नका बघू, ते माझं डोकं आहे. लाल-हिरवं, बटबटीत डोळ्यांचं. सगळे त्याचेच फोटो काढतात. वर्षभर ते कुळाच्या देवळात उदबत्तीच्या धुरात ऐटीत बसतं आणि शर्यतीपुरतं माझ्या पुढच्या टोकाला बांधलं जातं. मी म्हणजे खालची होडी, काळ्या जड लाकडाची, गल्लीएवढी लांब. गावात मला म्हातारा ड्रॅगन म्हणतात.

शर्यत सुरू व्हायला आता थोडाच वेळ आहे आणि मला भीती वाटतेय.

आज माझ्यात बसलेल्या पोरांच्या पणजोबांनी मला बांधून घेतलं. लाकूड दूरच्या बेटांवरून आलं होतं. लोखंडासारखं टणक, पण उन्हाचं भारी वावडं, वाळलं की तडकतं. म्हणून चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्याचा हा शर्यतीचा सण संपला की मला देवळासमोरच्या खाडीत गाळात पुरायचं आणि पुढच्या सणाच्या तोंडावर बादल्यांनी गाळ काढून वर आणायचं, अशी इथली रीत. गाळात मला फार सुखाची झोप लागते. वर बायका भाजी धुतात, सासवांची उणीदुणी काढतात, ते सगळं मला ऐकू येतं.

गेल्या वर्षी ही रीत मोडली. सणानंतर लगेच जिल्ह्याचा सांस्कृतिक महोत्सव होता. पाहुण्यांना जवळून बघता यावं म्हणून मला काठावर मांडून ठेवलं. महोत्सव संपला, पाहुणे गेले, मी मात्र तिथेच. आज पुरू, उद्या पुरू करत अख्खा उन्हाळा गेला. एका दुपारी माझ्या पोटात, तळाच्या जोडापाशी, कट्‌ असा आवाज झाला. कोणी ऐकला नाही. मग कधीतरी घाईघाईनं मला पुरलं. चिरेत गाळ बसला आणि वरून मी पुन्हा धडधाकट दिसू लागलो.

त्या चिरेच्या बरोबर वर बिंग-फाय बसतो. तो वल्हं मारत नाही, आत आलेलं पाणी लाकडी डावानं उपसतो. कमी मानाचं काम, पण मला तोच सगळ्यांत जवळचा, कारण त्याचे अनवाणी पाय कायम माझ्या तळावर असतात. यंदा सरावाच्या पहिल्याच दिवशी त्यानं पाय आखडून घेतले.

"साउ-गान काका, पाणी खालून येतंय," तो ओरडला.

साउ-गान मागच्या टोकाला उभा राहून मला वळवतो. त्याचा शब्द गावात कोणी मोडत नाही. तो म्हणाला, "म्हातारं लाकूड आहे, सुरुवातीला पिणारच. तू उपस की! का आता तुझं पाणी पण मीच उपसू?"

सगळे खदखदून हसले. बिंग-फायचा धाकटा भाऊ जून-हो तर सगळ्यांत मोठ्यानं. जून-हो शहरात कारखान्यात असतो, सणापुरता येतो. आई गेल्यावर बिंग-फायनंच त्याला लहानाचा मोठा केला. गावची पोरं पाण्यात माशासारखी, पण याला पोहणं जेमतेम येतं.

मला राहवेना. मी कण्हू लागलो. वल्ह्यांच्या प्रत्येक फटक्याला माझं पोट करकरायचं. तेव्हा मात्र हसणं थांबलं. वाटलं, आता तरी खाली वाकून बघतील. पण ड्रॅगन कण्हला की इथली माणसं लाकूड बघत नाहीत, एकमेकांची तोंडं बघतात. कोणाच्या घरी सुतक आहे? कोणाची बायको बाळंतीण आहे? अशा माणसानं महिनाभर माझ्यात पाऊल टाकायचं नसतं.

बिंग-फाय खाली मान घालून उपसत राहिला. त्याला मुलगी झाली होती, दिवस भरायच्या आधीच, बायकोच्या माहेरी. त्यानं ही गोष्ट पोटातच ठेवली. सांगितलं असतं तर त्याला उतरवलं असतं, मग जून-होच्या पायाखालचं पाणी कोणी उपसलं असतं?

आज सकाळी त्याची सासू आली. बसमधून उतरून थेट घाटावर, हातात लाल रंगवलेल्या अंड्यांची टोपली.

"घ्या रे पोरांनो, तोंड गोड करा! बिंग-फायला लेक झाली. नाक अगदी याच्यावर गेलंय, बिचारीचं!"

कोणी अंडं घेतलं नाही. म्हातारी टोपली पुढे धरून तशीच उभी राहिली.

"अस्सं," साउ-गान म्हणाला. "म्हणजे पाणी तुझ्यामुळे येत होतं."

"काका, चीर आहे हो. मला वाटेल ते बोला, पण हात लावून बघा."

"खाली उतर आधी."

विटाळ काढायला त्यांनी माझ्यावर पानं बुडवलेलं पाणी शिंपडलं, फटाक्यांची माळ लावली. धुरात सगळ्यांचे चेहरे उजळले. मग कोणीतरी विचारलं, त्याच्या जागी उपसायला कोण? साउ-गान म्हणाला, "विटाळ गेला, पाणी गेलं. आता उपसणारा कशाला? वल्हेकरी बसवा, जोर वाढेल." आणि जून-होला त्याच्या बाकावरून उचलून त्याच जागी बसवलं, त्याच्या बाकावर काठावरचा एक पोरगा घेतला.

आता मी रेषेवर उभा आहे. दोन्ही बाजूंना दुसऱ्या गावांचे ड्रॅगन. एकदा सुटलो की मागून येणाऱ्या होड्यांना थांबता येत नाही. मधे कोणी पाण्यात पडलं तर त्याच्या डोक्यावरून काय काय जाईल, ते मला माहीत आहे.

काठावरून बिंग-फाय पाण्यात शिरलाय. छातीपर्यंत आलाय, हातात तोच डाव.

"जून, उतर! माझं ऐक, उतर रे!"

"दादा, जा ना आता! आणखी किती लाज काढणार आहेस?"

"बरं, उतरू नकोस. हा डाव तरी घे."

त्यानं डाव फेकला. तो जून-होच्या पायाशी पडला. जून-होनं मागे साउ-गानकडे पाहिलं, मग वल्ह्याच्या टोकानं डाव उचलला आणि विटाळाची वस्तू टाकावी तसा पाण्यात टाकला. तो उलटा होऊन माझ्यापासून लांब चाललाय.

काठावरच्या लोकांनो, तुमच्यापैकी कोणीतरी आत बघा. माझे रंगवलेले डोळे बघून झाले असतील तर एकदा माझं पोट बघा. मला जिंकायचं नाही. मला गाळात नेऊन पुरा, कायमचं पुरा, पण आधी या पोराला उतरवा.

ढोल वाजला. सगळी वल्ही एकदम पाण्यात गेली. चिरेतला उरलासुरला गाळ निघाला आणि जून-होचे तळवे भिजले. त्याला वाटतंय, वल्ह्यांचे शिंतोडे आहेत. तो हसतोय, पुढे बघून जोर लावतोय.

पाणी त्याच्या घोट्यांपर्यंत आलंय.